दाहिने घूम

आमच्या शाळेत १५ ऑगस्टच्या संचलनाची तालीम जुलैपासूनच सुरू व्हायची. चिंचवडचा पाऊस, चिखलाचं मैदान, खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. ‘लंबा दाहिने, छोटा बाएँ’ असा हुकूम सुटला की मी न बघता रांगेच्या डाव्या टोकाला जाऊन उभी राहायचे, कारण वर्गात माझ्यापेक्षा बुटकी कुणी नव्हतीच. ‘बाएँ घूम’ आलं की माझी चैन असायची. जागच्या जागी कदमताल करायचा, बाकीची रांग दारासारखी माझ्याभोवती फिरून यायची. पण ‘दाहिने घूम’ म्हटलं की त्या दाराची बाहेरची कड मी. आठ जणींत सगळ्यांत लांबचा पल्ला माझ्या वाट्याला आणि सगळ्यांत आखूड पाय माझे. झेंड्यासमोरचं वळण नेमकं उजवीकडचं होतं. दरवर्षी तिथे रांग माझ्या बाजूने फाटायची आणि मी पळत पळत ती शिवायला जायचे. सातवीत सरांनी मला झांजा वाजवायला बँडपथकात धाडलं. बँड एका जागी उभा असायचा, त्यामुळे प्रश्न मिटला.

हे मी साफ विसरले होते. आठवलं ते एप्रिल २०१२मध्ये, स्वीडनमध्ये, एका बर्फाच्या रिंगणाकडे बघताना. सोळा जणी एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून फिरत होत्या. दोन आरे आणि मधे आस. आतल्या मुली जवळजवळ जागच्या जागी वळत होत्या आणि बाहेरच्या टोकाची मुलगी अंग झोकून वाऱ्यासारखी पळत होती. तिचा लांबचा पल्ला रांगेला कळत नव्हता. आरा सरळच्या सरळ. माझ्या तोंडून चक्क ‘दाहिने घूम’ निघालं. शेजारच्या खुर्चीतल्या आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी प्रार्थना वगैरे करतेय.

आम्ही त्याच्या आदल्या वर्षी या शहरात आलो होतो. नकाशावर गोथेनबर्ग, स्वीडिशमध्ये लिहायचं गोटेबोर्ग आणि बोलायचं योतेबोरी. इथे गाड्या बनतात, म्हणून पुण्याचे बरेच लोक आहेत. ट्राममध्ये चढलं की डब्यात कुठे तरी ‘अगं, दूध संपलंय, येताना घेऊन ये’ ऐकू येतंच. आजी मात्र इथल्याच, वरच्या मजल्यावरच्या. इथे शेजाऱ्यांनाच काय, साहेबालासुद्धा ‘तू’ म्हणतात आणि नावाने हाक मारतात. मला ते आजतागायत जमलेलं नाही, मी मराठीत मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. एक दिवस त्या तिकिटं घेऊन आल्या. म्हणाल्या, आपल्या गावात जागतिक स्पर्धा आहे आणि आपल्या गावचा संघ उतरतोय, घरी बसायचं नाही. तिकिटं सगळ्यांत वरच्या रांगेची होती. मला वाटलं, स्वस्तातली म्हणून घेतली असतील. तसं नव्हतं. सिंक्रोनाइज्ड स्केटिंग वरूनच बघायचं असतं. खालून नुसते चेहरे आणि चमकणारे कपडे दिसतात. वरून रांगोळी दिसते.

प्रकार थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे टीव्हीवर तो सहसा येत नाही. फिगर स्केटिंग म्हणजे एकटीने किंवा जोडीने घेतलेल्या उड्या आणि गिरक्या, एवढं आपल्याला ठाऊक असतं. इथे एका संघात सोळा जण, बहुतेक सगळ्या मुलीच, क्वचित एखादा मुलगा. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद बर्फ. पहिल्या दिवशी तीनेक मिनिटांचा छोटा कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी चार-साडेचार मिनिटांचा मोठा, दोन्हींचे गुण मिळून निकाल. त्या वेळात चाक, वर्तुळ, ओळ, चौकोनी ब्लॉक हे सगळं करायचं, एकातून दुसऱ्यात वितळल्यासारखं जायचं, आणि पाय सोळांचे एकाच कडेवर. बुटाखालच्या पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. सोळांपैकी एकीचा पाय चुकीच्या कडेवर गेला तर तिची रेघ वेगळी वळते आणि वरच्या रांगेत बसलेल्या माझ्यासारख्या अडाण्यालाही ती दिसते.

सगळ्यांत भयंकर प्रकार म्हणजे इंटरसेक्शन. आठ-आठ जणींच्या दोन ओळी समोरासमोरून वेगाने येतात आणि एकमेकींच्या फटींतून आरपार जातात. ऐन फटीत असताना त्या गिरकी घेतात, म्हणजे ज्या क्षणी समोरचीला धडकण्याची भीती सर्वांत जास्त, त्या क्षणी पाठ तिच्याकडे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या रविवारी आपणही हेच करतो, पण गिरकी नाही घेत.

आणि आवाज. टीव्हीवर तो संगीतात बुडून जातो. हॉलमध्ये सोळा पाती एकदम कड बदलतात तेव्हा ‘खर्रर्र’ असा एकच आवाज येतो, नारळ खवल्यासारखा. चांगल्या संघाचा तो एकच असतो. लहान मुलींच्या संघाचा ‘खर्र-खर-खर्र’. पुढे माझ्या लेकीच्या तालमींना बसून बसून मला डोळे मिटून कळायला लागलं की आज कोचबाई चिडणार आहेत की नाही.

तर त्या दिवशी ‘आपल्या गावचा संघ’ म्हणजे टीम सरप्राइज. मला तोवर नावही माहीत नव्हतं. आजींना मात्र या संघाची सनावळी पाठ होती, पेशव्यांची आपल्याला असते तशी. मध्यंतरात थर्मासमधली कॉफी देता देता त्यांनी मला ती ऐकवली.

या खेळाची जागतिक स्पर्धा सुरू झाली ती २००० साली, अमेरिकेत मिनिआपोलिसला. खेळ त्यापेक्षा जुना. १९५६मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी ‘हॉकेट्स’ नावाचा मुलींचा ताफा उभा केला, आइस हॉकीच्या सामन्यांत मधल्या वेळी लोकांची करमणूक करायला. तेव्हा त्याला ‘प्रिसिजन स्केटिंग’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत कवायतच. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने त्याला स्वतंत्र प्रकार मानलं १९९४मध्ये, आणि ‘सिंक्रोनाइज्ड’ हे नाव आलं १९९८मध्ये. खेळाचं घर अमेरिका-कॅनडा. पण मिनिआपोलिसला पहिलं जागतिक सुवर्ण नेलं ते योतेबोरीच्या मुलींनी. दुसऱ्या वर्षी हेलसिंकीला, फिनलंडच्या अंगणात जाऊन, पुन्हा त्यांनीच. या यशाशी प्रशिक्षक आंद्रेआ दोहानी यांचं नाव जोडलेलं आहे.

मग गंमत सुरू झाली. २००२, रुआँ: सुवर्ण हेलसिंकीच्या मॅरीगोल्ड आइसयुनिटीला. २००३, ओटावा: टीम सरप्राइज. २००४, झाग्रेब: मॅरीगोल्ड. २००५, योतेबोरी: सरप्राइज, तेही घरच्या बर्फावर. २००६, प्राग: मॅरीगोल्ड. २००७, कॅनडातलं लंडन: सरप्राइज. सहा वर्षं हा झोपाळा चालला. मॅरीगोल्ड म्हणजे आपला झेंडू. मी आजींना सांगितलं की आमच्याकडे झेंडू दसऱ्याला दाराला लावतात, शस्त्रांना वाहतात. त्या म्हणाल्या, शस्त्रांना, हे बरोबर आहे.

पुढे कधी तरी मी ही यादी कागदावर मांडून बघत बसले. यादीत विजेत्यांचीच नावं असतात. टीम सरप्राइजच्या नावापुढे २००३, २००५, २००७ वाचताना एक घराणं दिसतं, सलग आणि दिमाखात. पण २००२, २००४, २००६ त्याच संघाने काढलेत. प्रत्येक सुवर्णानंतर वर्षभराने हातातून गेलं, आणि तरी पुन्हा सप्टेंबर आला, पुन्हा तोच हॉल, तोच चाकाचा सराव. एकदा हरून परत जिंकणं मी समजू शकते. दर दुसऱ्या वर्षी हरायचं आणि दर दुसऱ्या वर्षी परत यायचं, याला कुठलं पाणी लागतं हे मला ठाऊक नाही. शिवाय परत येणाऱ्या मुली त्याच असतात असंही नाही. कुणी शिकायला दुसऱ्या गावी जाते, कुणाचा गुडघा जातो, कुणाला नोकरी लागते. या खेळात पैसा नाही, ऑलिंपिकमध्येही हा खेळ नाही. म्हणजे २००४ला हरलेली मुलगी २००५ला जिंकायला बर्फावर होतीच असं नाही. तिच्या जागेवर कुणी दुसरी आली, तिच्या डाव्या-उजव्या शेजारणींच्या खांद्यांवर हात टाकून. ती हार आणि ती जिद्द या नव्या पोरीला कुणी दिली? मला वाटतं, शेजारच्या दोघींनी. खांद्यावरच्या पकडीतून.

२००८पासून मात्र झोपाळाही थांबला. त्या वर्षी बुडापेस्टला हेलसिंकीच्याच रॉकेट्स जिंकल्या. २००९मध्ये झाग्रेबला कॅनडाच्या नेक्साइसने सुवर्ण पहिल्यांदा युरोपाबाहेर नेलं, टीम सरप्राइज दुसरी. २०१० आणि २०११, पुन्हा रॉकेट्स. एकट्या हेलसिंकीत तीन संघ एवढे तगडे की तिन्ही कधी ना कधी जगज्जेते झाले, मॅरीगोल्ड, रॉकेट्स आणि पुढे २०१३मध्ये बॉस्टनला टीम युनिक. एका देशाचे फार तर दोन संघ जागतिक स्पर्धेला जातात. म्हणजे तिथे दर हिवाळ्यात तिघींपैकी कुणी तरी टीव्हीसमोर बसतं. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या एकांकिका स्पर्धांत प्राथमिक फेरीच अंतिमसारखी असते, तसलं काही तरी.

या पार्श्वभूमीवर २०१२ची ती संध्याकाळ. पाच वर्षं सुवर्ण नाही, आणि स्पर्धा घरच्या गावात. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं म्हणून मी निवांत होते. आजी निवांत नव्हत्या. टीम सरप्राइज बर्फावर आली तेव्हा हॉलमध्ये जो आवाज झाला, तसा मी स्वीडनमध्ये तोवर ऐकला नव्हता. हे लोक बसस्टॉपवर दोन मीटरचं अंतर ठेवून उभे राहतात. त्या दिवशी माझ्या मागचे एक अनोळखी गृहस्थ माझा खांदा धरून ओरडत होते. आजींनी कार्यक्रमभर एक शब्द काढला नाही. गुण जाहीर झाले आणि त्यांनी थर्मासचं झाकण लावून टाकलं, नीट, दोनदा फिरवून. सहावं सुवर्ण. माझ्या मांडीवर बसलेली सहा वर्षांची लेक म्हणाली, मला ती शेवटची व्हायचंय. तिला टोकाची म्हणायचं होतं. बाहेरची, पळणारी.

झालं. ऑगस्टमध्ये तिचं नाव घराजवळच्या क्लबात घातलं.

इथले क्लब पालकांच्या जिवावर चालतात. रिंगणाबाहेर छोटी टपरी असते, तिथे आळीपाळीने आई-बाप कॉफी आणि दालचिनीचे बन विकतात, त्यातून प्रवासाचा खर्च निघतो. पहिल्या पाळीला मी बन भाजायचे विसरले म्हणून घरचा शंकरपाळ्यांचा डबा नेला. तो अर्ध्या तासात संपला. त्यानंतर चार वर्षं माझी पाळी म्हणजे शंकरपाळे हे ठरून गेलं. हात दुखेपर्यंत लाटले आहेत.

लेक टोकाची काही झाली नाही. आईची उंची घेतली तिने. टोकाला ताकदीची, लांब पल्ला मारणारी मुलगी लागते. हिला त्यांनी बाराव्या वर्षी राखीव केलं.

राखीव म्हणजे काय हे मला आधी कळलं नाही, आणि कळल्यावर राग आला. संघ सोळांचा, पण सरावाला त्याहून जास्त मुली. ज्या बर्फावर उतरत नाहीत त्याही सगळ्या तालमींना येतात, तोच पोशाख शिवतात, त्याच बसने जातात, तसाच केसांचा घट्ट अंबाडा घालतात. फरक एवढाच की सोळांपैकी प्रत्येकीला एकच जागा पाठ असते, राखीव मुलीला चार-पाच जणींच्या जागा पाठ लागतात. कुणाचा पाय मुरगळेल सांगता येत नाही. चाकात चौथीच्या जागी उभं राहणं वेगळं, सातवीच्या जागी वेगळं. इंटरसेक्शनमध्ये तर फटच वेगळी. मी मनात म्हटलं, सगळ्यांत जास्त अभ्यास आणि परीक्षेला बसायचं नाही. तोंडाने मात्र म्हटलं, छान. लेकीने माझ्याकडे पाहिलं. आईचं छान तिला ओळखू येतं.

त्या हिवाळ्यात तिने माहेरून आणलेल्या कॅरमच्या सोंगट्यांवर आकडे चिकटवले. एक ते सोळा. जेवणाच्या टेबलावर त्या मांडायची, सरकवायची, संगीत तोंडाने म्हणायची. वरून बघत. मला तेव्हा आजींची वरची रांग आठवली. बर्फावरच्या सोळा जणींना आपली रांगोळी कधीच दिसत नाही, त्यांना फक्त शेजारणीचा खांदा दिसतो. ती पूर्ण दिसते राखीव पोरीला, बाकावरून आणि टेबलावर. हे मी तिला सांगितलं नाही. बाराव्या वर्षी असलं समाधान कुणाला हवं असतं?

एकदाच तिला बर्फावर उतरवलं, एका छोट्या स्पर्धेत, सात नंबरच्या जागी. ती मुलगी तापाने पडली होती. माझ्या लेकीने दोन मिनिटं झकास काढली आणि मग ब्लॉकमध्ये सपशेल आपटली.

मी उभी राहिले. आता रांग फाटणार, हे माझ्या पायांना शाळेपासून माहीत होतं. पण रांग फाटली नाही. उरलेल्या पंधरा जणी वेग न बदलता पुढे गेल्या, आणि सहावी आणि आठवी यांच्यात बरोब्बर एका मुलीएवढी फट ठेवून गेल्या. कुणी ती भरून काढली नाही. एक रिकामी जागा त्यांच्या बरोबरीने वळत होती, कड बदलत होती. पाच-सहा सेकंद असतील. माझी पोर उठली, तिरकी धावली आणि त्या फटीत जाऊन बसली, कपाटात कप्पा सरकतो तशी. नंतर मी विचारलं, त्या थांबल्या का नाहीत गं? ती म्हणाली, थांबल्या असत्या तर मी कुठे गेले असते?

पडल्याचे गुण अर्थातच कापले गेले. संघ खालून दुसरा आला.

त्याच वर्षी, एप्रिल २०१८मध्ये, जागतिक स्पर्धा स्टॉकहोमला होती. आजींना आता जिने चढवत नव्हते, तरी त्या आल्या. तीनेक तासांची आगगाडी, आजी, मी, लेक आणि तोच थर्मास. मधल्या वर्षांत सुवर्णाची पत्रिका पार फिरली होती. २०१४ला इटलीत कूर्मायरला मॅरीगोल्ड, २०१५ला नेक्साइस आपल्या घरच्या प्रांतात हॅमिल्टनला, मग दोन वर्षं सेंट पीटर्सबर्गची टीम पॅराडाइज. टीम सरप्राइजचं नाव त्या यादीत नव्हतं. स्टॉकहोमला सुवर्ण पुन्हा झेंडूलाच मिळालं, पाचवं. पण रौप्य टीम सरप्राइजचं, पॅराडाइजच्या वर. जुना झोपाळा एका संध्याकाळपुरता हलला. यावेळी मी निवांत नव्हते. निकालापर्यंत माझी मूठ लेकीच्या मुठीत होती आणि तिने शेवटी सांगितलं, आई, दुखतंय.

परतीच्या गाडीत आजी झोपून गेल्या. लेक खिडकीच्या काचेवर बोटाने काही तरी काढत होती, ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मी विचारलं, कुणाची जागा बघत होतीस? तिने तोंड न वळवता सांगितलं, बाकावर बसलेल्यांना.

पुढे दोन वर्षं जगानेच जागा रिकामी ठेवली. २०२०ची लेक प्लॅसिडची स्पर्धा रद्द, २०२१ची झाग्रेबची रद्द. तालमी बंद, हॉलला कुलूप. तोवर तिचंही स्केटिंग सुटत आलं होतं. २०२२ला हॅमिल्टनला पुन्हा बर्फावर उतरले तेव्हा रशियाचे संघ नव्हते, युद्धामुळे त्यांना बंदी, आणि सुवर्ण कॅनडाच्या ले सुप्रीमला मिळालं. पुढच्या वर्षीही त्यांनाच. हे निकाल मी एकटीने पाहिले, आवाज बारीक करून. आजी त्या आधीच गेल्या होत्या. वरच्या मजल्यावर आता एक तरुण जोडपं आहे, कुत्रा आहे.

लेक शिकायला दुसऱ्या गावी असते. गेल्या गणपतीत घरी दहा-बारा माणसं होती, आरती झाली, जेवणं झाली आणि मुलांनी माळ्यावरून कॅरम काढला. पेटी उघडली तर सोंगट्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या, अर्ध्या निघालेल्या. हे काय आहे मावशी, काही वेगळा खेळ आहे का, असं एका चिमुरड्याने विचारलं. मी म्हटलं, जुन्या आहेत, खेळा तुम्ही. मोजल्या तर एक कमी निघाली. सात नंबरची. कुठे गेली कोण जाणे, सोफ्याखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. शेवटी मुलांनी माझ्या जुन्या कोटाचं काळं बटण मांडून डाव सुरू केला, आणि ते बटण बिचारं सारखं सरळ जायचं सोडून तिरकंच पळत होतं.